सायेबाच्या लेकी

मी गावासाठी वळू निवडला, आणि तो चुकीचा निवडला.

एवढ्यावर थांबलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. चुकीच्या निवडी कोण करत नाही? पण त्या निवडीचं श्रेय मी वर्षानुवर्षं मिरवलं. गावानं मला ते मिरवू दिलं. आणि शेवटी त्याच श्रेयाच्या धुंदीत एका निरपराध जनावराच्या जन्माचं वाटोळं करायला निघालो.

आश्विन सरत आला की हे सगळं परत येतं. खारेपाटातली भातं पिवळी होतात आणि दुपार कलली की अलिबागेतल्या माझ्या पडवीत वारा तो वास आणून टाकतो. नुकत्या कापलेल्या भाताचा, ओल्या पेंढ्याचा, खाजणातल्या चिखलाचा. आणि वारा थळच्या अंगानं फिरला तर त्यात वाळत घातलेल्या बोंबलांचाही. मी आरामखुर्चीत डोळे मिटून पडतो. घरच्यांना वाटतं, म्हातारा झोपला. म्हातारा झोपलेला नसतो. तो पितळी चरवीत पडणाऱ्या दुधाचा आवाज ऐकत असतो. पहिली धार रिकाम्या बुडावर टणकन वाजते. दुसरी, तिसरी वाजते. मग भांडं भरू लागतं तसा आवाज जाड होतो, फेसात बुडत जातो, आणि शेवटी मांजर पोटाशी धरल्यावर येते तशी नुसती घुरघुर उरते. माझ्या तरुणपणाचं संगीत म्हणाल तर हेच. नाटकं पाहिली, भजनं ऐकली, पण डोळे मिटले की कानाशी येते ती गाईची धार.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी शेतकीचं शिक्षण घेऊन गावी परतलो. अंगात खाकी अर्धी विजार आणि डोक्यात एक कल्पना. आमचं गाव खाडीच्या काठचं. समुद्राचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आतल्या खाऱ्या जमिनीवर भात पिकवायचं, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा खेळ. तिथल्या गाई म्हणजे शेजारी उभ्या राहिल्या तर शेळीला कमीपणा वाटू नये, एवढ्याशा. दूध वासरापुरतं; वासराचं मन मोठं असेल तर माणसाच्या चहापुरतं. हे बदलायचं होतं.

माझी कल्पना मी पहिल्यांदा मारुतीच्या पारावर मांडली. समोर गोमा पाटील बसले होते. काळा तुकतुकीत रंग, कानात बाळी, आणि चेहऱ्यावर कायम ऐकून घेण्याचा भाव. मी म्हणालो, "पाटील, दूध फक्त गाय देते हा आपला गैरसमज आहे. दूध वळूही देतो. फक्त ते त्याच्या लेकींच्या सडांतून येतं."

पाटलांनी विडी खाली ठेवली. "मास्तर, ह्ये पुन्याला शिकवत्यात?"

वडील शाळामास्तर होते म्हणून गाव मलाही मास्तर म्हणे. त्या दिवसापासून मी दूधमास्तर झालो.

पण कल्पना खोटी नव्हती, हे आजही शपथेवर सांगतो. गाईचं दूध डोळ्यांना दिसतं, मोजता येतं. वळूचं मोजायचं कसं? त्याच्या आईचं बघायचं, हा एक मार्ग; पण आईनं पेंड खाल्ली होती की नुसता पेंढा, हे दूध सांगत नाही. खरी पारख लेकींची. त्या जन्माव्यात, वाढाव्यात, गाभण राहाव्यात, व्याव्यात. मग प्रत्येकीला तिच्या आईशेजारी उभी करावी. गोठा तोच, गवत तेच, धार काढणारा हातही तोच. लेकीनं आईपेक्षा जास्त दिलं, तर ते जास्तीचं दूध वळूचं. म्हणजे वळू आज निवडायचा आणि उत्तराची वाट केस पिकेपर्यंत बघायची. या वाट बघण्यातच मी रंगून गेलो होतो. पेरलेलं चार महिन्यांत हाती येतं. हे पेरणं निराळंच होतं.

अलिबागेत एका वकिलांच्या परसात गुजराथेकडची उंच पांढरी गाय होती. तिचा जवान खोंड मी मिनतवारीनं मागून आणला. शुभ्र, मोठ्या वशिंडाचा, चालताना मान अशी धरायचा की रस्त्यानं बाजूला व्हावं. मी त्याचं नाव राजहंस ठेवलं. गावानं त्याच दिवशी ते बदलून सायेब केलं, आणि तेच शोभलं. कारण चिखल दिसला की सायेब थांबे. आमच्या गावात चिखलाखेरीज दुसरं काही नव्हतं. तो बांधावरूनच चाले, बांधावरच उभा राही, आणि खाली शेतात काय चाललंय ते तपासणीला आल्यासारखा बघे. गाई त्याच्याकडे न्याव्या लागत. नेल्यावर तो त्यांच्याकडे बघायचा, मग खाडीकडे बघायचा. मी म्हणायचो, खानदानी आहे, घाई करत नाही.

गावातले बाकीचे खोंड मी खच्ची करवून घेतले. हलकं रक्त मिसळायला नको. सगळे बैल झाले, एक राहिला. तो धाकलीकाकीचा गिड्डा.

धाकलीकाकी म्हणजे बांधाच्या टोकाला एकटी राहणारी विधवा बाई. सुकटीसारखी वाळकी, जिभेनं ओल्या मिरचीसारखी. गिड्डा तिचा एकुलता खोंड. बुटका, काळा कुळकुळीत, आणि कपाळावर पांढरा चांद. पण तोही धड मधोमध नाही, डाव्या डोळ्यावर ओघळलेला, जणू कुणी भाकरीच्या पिठाच्या हातानं थोबाडीत मारली आहे. शिवाय उभा राहिला की जिभेचं टोक बाहेर. सायेबाशेजारी तो वळू वाटत नसे, सायेबाचा गडी वाटे.

त्याला बडवायचा, म्हणजे दगडानं ठेचून खच्ची करायचा, विषय काढला की काकीकडे कारण तयार. आज अवस आहे. आता पितरांचा पंधरवडा आहे. त्याला कसर आहे. पालीच्या गणपतीला बोलून ठेवलाय, तिकडं जाऊन आल्याबिगर न्हाय. शेवटी मी हात टेकले. "निदान बांधून तरी ठेवा, काकी."

"ठेवते की. दावनीला ठेवते. पन भात निघाल्यावर कोन बांधील?"

तिथंच सगळं होतं आणि ते माझ्या कानावरून गेलं. आमच्याकडे भात खळ्यावर आलं की वई उघडायची, म्हणजे शेतांची कुंपणं काढायची, असा रिवाज. मग शेत कुणाचंच नाही. सगळ्या गावाची गुरं मोकळी सोडायची, दिवसभर त्यांनी भाताची खुंटं खावीत, खाजणापर्यंत भटकावं आणि सांजेला आपली आपण घरी यावं. थंडीच्या दिवसांतलं ते दृश्य मी आजही स्वप्नात बघतो. सपाट, पिवळट, पार खाडीपर्यंत पसरलेलं रान. उन्हानं मऊ झालेलं. ओहोटीनं उघडा पडलेला चिखल चमकतोय, बगळे गुरांच्या पाठीवर बसून फिरताहेत, आणि गाई लांबून होड्यांसारख्या संथ सरकताहेत. बांधावर सायेब उभा. पांढरा. एकटा. आणि त्या सगळ्या पिवळेपणात दूरवर एक काळा ठिपका. एका गाईकडून दुसरीकडे चाललेला. मी त्या ठिपक्याकडे कवीच्या नजरेनं बघत असे. चित्राला काळ्याचा एक ठिपका हवाच, म्हणून.

पुढच्या दिवाळीला वासरं झाली. कालवडी बऱ्याच होत्या. मी आनंदलो. गोमा पाटील एका गोठ्याच्या दारात घुटमळत म्हणाले, "मास्तर, वासरू काला हाय."

"असू द्या."

"कपालावर चांद हाय."

"पाटील, रंग वरचा असतो, रक्त आतलं असतं. रंगाचं काय घेऊन बसलात?"

असं मी इतकं ठासून म्हणालो की पाटील स्वतःच खजील झाले.

आणि मग काही वर्षांनी ती कातकी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागची सुगी, आली, जिच्यासाठी हे लिहायला बसलो. त्या कालवडी पहिल्यांदा व्याल्या तो हंगाम. पाऊस वेळेवर गेला होता, गवत कमरेएवढं होतं, भातं लोंबीनं वाकली होती. रोज पहाटे उजाडताना मी मापाची चरवी घेऊन निघायचो. धुकं खाडीवरून वर सरकत असायचं. कुठल्याही गोठ्यात शिरावं तर तोच उबदार अंधार: शेण, गोमूत्र, चघळलेलं गवत, आणि नुकत्या व्यालेल्या गाईच्या अंगाची एक गोडसर वाफ. वासराला आधी आईला लावायचं. ते ढुशा देई, गाय मान वळवून त्याला चाटे, आणि मग तिच्या डोळ्यांत काहीतरी सैल होई. पान्हा सुटला, हे कासेत कळायच्या आधी डोळ्यांत कळतं. मग वासरू ओढून बाजूला बांधायचं, आणि चरवीत पहिली धार. टण.

आईचं दूध मोजायचं, मग लेकीचं. एका गोठ्यात लेक वरचढ. दुसऱ्या गोठ्यात वरचढ. तिसऱ्यात तर घरच्या बाईनं दुसरं भांडं आणलं. प्रत्येक घरी खरवस पुढं यायचा, गुळाचा, वर जायफळ. मी नाही म्हणत नसे. त्या हंगामात मी आनंदानं फुललो की चिकाच्या दुधानं, हे सांगणं कठीण आहे. घरी आल्यावर आमची इंदू, म्हणजे माझी बायको, चुलीपुढून म्हणायची, "गावभर दूध मोजून आलात ना? मग आता कोरा चहा घ्या."

मला तोही गोड लागे. वाट बघणं फळलं होतं. सायेबाच्या लेकी दूध देत होत्या. मी सायेबाला गूळ भरवायचो, त्याच्या वशिंडावर हात ठेवून खाडीकडे बघत उभा राहायचो. आम्ही दोघंही एकाच ऐटीत उभे असायचो, असं इंदू पुढं सांगत असे.

यश एकटं येत नाही, बरोबर अक्कल आणतं. मला वाटलं, आता एवढं चांगलं रक्त गावात आलंय, ते राखलं पाहिजे. दोष एकच उरला होता, बुटका आणि काळा. खळ्यावर झोडणी चालली होती तिथं मी सगळ्यांसमोर म्हणालो, "गिड्ड्याला यंदा बडवायचाच. या लेकींना तो लागला तर केलेलं सगळं पाण्यात."

धाकलीकाकी पेंढ्याच्या भाऱ्याला टेकून उभी होती. कारणं सांगण्याची तिची तऱ्हा सगळ्यांना ठाऊक. सगळे हसायच्या तयारीत होते. पण त्या दिवशी तिनं कारण सांगितलं नाही. "मालकाच्या हातचा शेवटला गोऱ्हा हाय त्यो," ती म्हणाली. "आडवा आलेला. त्यांनी हात घालून वडला, आनि मंग तापानं जे पडलं ते उठलंच न्हाय. त्याच्यावर दगुड पडू देनार न्हाय मी."

मला तिची दया आली, आणि दया आलेला शिकलेला माणूस फार वाईट. मी मवाळ आवाजात म्हणालो, "काकी, प्रश्न गावाचा आहे."

"मंग गावाच्या वासरांची त्वांडं तरी बगा येकदा!"

"तोंडात दूध नसतं, काकी. कासेत असतं."

वाक्य झकास जमलं होतं. दोघं-तिघं हसले. पाटलांनी नुसता घसा साफ केला. मी पलीकडच्या गावच्या बडवणाऱ्याला निरोप धाडला.

तो भरतीचं पाणी बघून होडीनं आला, आणि आला नेमका वसुबारसेला. त्या दिवशी असलं काम कोण करील? तेव्हा त्याला जेवायला घातलं आणि उद्यावर ठेवलं. आमच्या गावी वसुबारसेला गाईचं दूध काढायचं नाही, सगळं वासराचं. बायका त्या दिवशी दुधाच्या थेंबाला शिवत नाहीत. त्यामुळं त्या कातकीतला तो पहिला दिवस, की माझ्या हातात चरवी नव्हती. रिकामे हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून पाठीशी बांधून मी देवळाच्या अंगणात उभा राहिलो.

सांजेचं ऊन खाली उतरलं होतं. खाडी तांब्याच्या पत्र्यासारखी दिसत होती. एकेका घरची गाय येत होती, मागं वासरू. बायकांनी त्यांना एका ओळीत उभं केलं, खुरांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, पुढ्यात उडदाचे वडे ठेवले. निरांजनं लागली. मधोमध सायेब, गळ्यात मी घातलेला झेंडूचा हार. आणि ओळीच्या टोकाला, कुणी न बोलावता, धाकलीकाकी गिड्ड्याला घेऊन आली. तिनं त्याचं अंग तेलानं पुसलं होतं, शिंगांना गेरू लावला होता. उद्या जे होणार होतं त्याच्या आधी तिला त्याला ओवाळायचं होतं.

बडवणारा देवळाच्या पायरीवर पान खात बसला होता. परका माणूस, त्याला आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो उठून ओळीशी आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत कौतुकानं बघत गेला आणि म्हणाला, "वा! बाप आनि लेकी कशा येका वलीत हुभ्या हायत!"

मी अभिमानानं सायेबाच्या पाठीवर थाप मारली.

"ह्यो न्हाय वो," तो म्हणाला. "ह्यो काला. आनि बडवायचा कुठला हाय? दावा मना."

तेव्हा मी बघितलं. दूध नव्हे, कास नव्हे; तोंडं. पहिली काळी, डाव्या डोळ्यावर ओघळलेला चांद. दुसरी काळी, डाव्या डोळ्यावर ओघळलेला चांद. तिसरीनं जिभेचं टोक बाहेर काढलं होतं. ज्योती हलत होत्या आणि पिठाच्या हातानं दिलेली तीच थोबाडीत ओळभर फिरत टोकाला गिड्ड्यापाशी पोचत होती. तिथून ती सरळ मला बसली.

कुणीतरी तोंडात पदर कोंबला. मग दुसरं. मग सगळं अंगण हसलं. वासरं बावचळली. सायेब तेवढा गंभीर राहिला.

"पाटील," मी म्हणालो, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आमाला दिसत हुतं," गोमा पाटील म्हणाले. "पन तुमी येवडं ठासून सांगायचाव, की आमालाच वाटाया लागलं, आमचेच डोले गेले आसतील. आनि दूध वाडत हुतं, मास्तर. कुनाच्या का नावानं वाडंना."

त्या संध्याकाळचा मी पुष्कळदा विचार करतो. माझं मोजणं खोटं नव्हतं. लेकी खरंच आयांपेक्षा सरस होत्या, आणि ते दूध खरंच बापाचंच होतं. मी लावलेला हिशेब बरोबर होता, फक्त बाप दुसरा होता. ज्याच्या लेकींच्या दुधावर मी फुललो, त्याच लेकींच्या साक्षीनं मी त्याला संपवायला निघालो होतो. एवढी सुंदर, एवढी बिनचूक चूक आयुष्यात पुन्हा जमली नाही. आणि खरं सांगू? ती वाट बघण्याची वर्षं, ती उबदार पहाट, तो खरवस, यांतलं काहीच त्या चुकीनं नासलं नाही. आठवणीला बाप कोण आहे याची पर्वा नसते. ती आपली दूध देत राहते.

बडवणारा दुसऱ्या दिवशी भरतीला, रिकाम्या हातांनी पण भरल्या पोटानं परत गेला. गाव गिड्ड्यालाच वळू करणार, हे कुणी ठरवायची गरजच उरली नव्हती. मी मात्र मनाशी एक ठरवलं, आणि सायेबासाठी आणलेली सरकी डोक्यावर घेऊन बांधाच्या टोकाला गेलो. धाकलीकाकी दारात भात सुपानं पाखडत होती. तूस वाऱ्यावर उडत होतं. गिड्डा तिच्या पाठीशी जीभ काढून उभा.

"काकी," मी म्हणालो, "झालं ते झालं. आता मी जातीनं त्याच्याकडे लक्ष देणार. त्याचं खाणं, पिणं, कुठल्या गाईला कधी, सगळं."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्या डोक्यावरची सरकी उतरवून घेतली, ती परत दिली नाही. मग गिड्ड्याच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली.

"सरकी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लक्ष नको. येवडी वर्सं तुमचं लक्ष त्या धवल्याकडं हुतं, म्हनून तर ह्याच्या हातनं कायतरी काम झालं."